उत्तर कॅनडाचे जुने नकाशे : सुरुवात कुठून करावी

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवून तळी किती बदलली ते पाहायचं असेल, तर एकदम अख्खा हडसन उपसागराचा काठ घेऊ नका. १:५०,००० मापाचं एकच शीट (नकाशाचा एक कागद) पुरे. १:२,५०,००० च्या एका शीटमध्ये अशी सोळा बसतात.

आधी शीटच्या कडेच्या समासातला मजकूर वाचा. छपाईचं साल आणि हवाई फोटोंचं साल वेगळं असतं; तळ्याचा काठ फोटोच्या सालचा समजायचा. उंची बहुधा फुटांत असते, तेही पाहून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो. जुनी शीटं नॅड२७ वर (उत्तर अमेरिकेच्या १९२७ च्या डेटमवर) असतात. ती नॅड८३ (१९८३ चा डेटम) समजून बसवली तर यूटीएममध्ये (मीटरांत मोजायच्या नकाशा-चौकटीत) सगळं उत्तर-दक्षिण २०० मीटरच्या आसपास सरकतं. मग तळं 'हललं' असं वाटतं. हललेलं काही नसतं!
- संदर्भबिंदू, म्हणजे दोन्ही नकाशांवर जुळवायच्या जागा. दलदलीचा काठ कधीही घेऊ नका, पाण्याच्या पातळीबरोबर तो सरकतो. उघड्या खडकाचं टोक, खडकाळ बेट, अरुंद खडकाळ मुख असं घ्या. चार कोपरे धरून भागत नाही. आठ-दहा बिंदू, शीटभर पसरलेले हवेत.

तुटक रेषेचं तळं हंगामी असतं. ते 'आटलं' म्हणून नोंदवू नका.

हवाई फोटोंच्या आधीचे नकाशे, उदाहरणार्थ भूवैज्ञानिक टायरेलच्या १८९३ च्या सफरीचे, सध्या बाजूला ठेवा. त्या काळी अक्षांशापेक्षा रेखांश काढणं अवघड होतं.