पोतं, माती आणि तुझा प्रश्न

प्रिय शर्वू,

परवा सहलीहून आलीस, चिखलाचे बूट दारातच टाकलेस आणि विचारलंस, "आई, डिक्समाऊडच्या खंदकात आम्हाला भिंतीला टेकूसुद्धा दिलं नाही. मग पुण्याला दिवाळीत आपण एवढा खपून किल्ला केला आणि दादाने तो सुतळी बॉम्ब लावून उडवला, तेव्हा कुणीच कसं ओरडलं नाही?" मी पोळ्या लाटत होते, 'नंतर सांगते' म्हणून तुला कटवलं. पण दोन दिवस प्रश्न डोक्यातून जाईना.

बेल्जियममधला तो खंदक पहिल्या महायुद्धात तिथल्या सैनिकांनी 1915 पासून तीन वर्षांहून जास्त धरून ठेवला होता. समोर हाकेच्या अंतरावर जर्मन. तेव्हाची पोती मातीची होती. ती कुजून गेली असती, म्हणून युद्धानंतर पोत्यांत सिमेंट भरलं. त्यावर गोणपाटाची वीण उमटलेली तूच मला सांगितलीस.

आणि गंमत बघ, आपल्या किल्ल्यालाही पोतंच लागतं! विटा-दगड रचायचे, पोतं चिखलात बुचकळून वर पसरायचं. घडी पडेल तिथे कडा, खोलगट राहील तिथे दरी. मग अळीव पेरायचे आणि पाणी हाताने शिंपडायचं. तांब्याने ओतलंस की अर्धा डोंगर अंगणात. आम्ही लहान असताना दरवाजा समोर ठेवला की मामा म्हणायचा, "शत्रूला अक्षत दिलीस का गं?" मग तो दोन बुरुजांच्या आड लपवायचा. रायगडाचा महादरवाजा तसाच आहे, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. हे मला इतिहासाच्या पुस्तकाने नाही, त्या चिखलाने शिकवलं. तो किल्ला जपायचा नसतोच. पुढच्या वर्षी नवा करायचा असतो, म्हणून कुणी ओरडलं नाही.

खऱ्या गडांचं मात्र वेगळं. राजगडाच्या संजीवनी माचीला एकाआड एक अशा दोन भिंती आहेत. चिलखती बांधणी म्हणतात तिला. बाहेरची पडली तरी आतली उभी. मधली जागा इतकी चिंचोळी की मी तिथून एकटीच कशीबशी चालले, वर फक्त आभाळाची पट्टी. तुझ्या खंदकाचा फोटो पाहिला आणि मला तीच आठवली. आपला 'मोर्चा' हा शब्दसुद्धा असाच. आज मोर्चा म्हटलं की घोषणा आणि झेंडे, पण जुना अर्थ लढाईतला आडोसा. मोर्चेबांधणी त्यातूनच आली.

1818 नंतर इंग्रजांनी कितीतरी गडांच्या वाटा आणि दरवाजे तोडले, पुन्हा कुणी तिथे ठाण मांडू नये म्हणून. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, राजगड-रायगड आहेत, तमिळनाडूतली जिंजीसुद्धा आहे. आजीने फोनवर पेढे वाटल्याचं सांगितलं. पण खरं सांगू? तटावर खडूने, खिळ्याने बदाम काढून नावं लिहिणारेही आपलेच. त्यांना कुणी ओरडत नाही, याचा मला राग येतो. तुला भिंतीला टेकू न देणाऱ्या त्या बाईंना म्हणून माझा नमस्कार सांग.

यंदा बाल्कनीत किल्ला करू. भाजीवाल्याकडून बटाट्याचं पोतं मागून ठेवलंय. अळिवाची चिंता नको, इथे सॅलडमध्ये ते कोवळे तिखट कोंब घालतात ना, ते अळीवच. मावळे आजी पाठवतेय. मागच्या खेपेला एकाचा भाला मोडून आला होता, त्याला आपण पहाऱ्यावर बसवलं होतं. बॉम्बचं मात्र खालच्या काकूंना आधी विचारावं लागेल.

तुझी,
आई