लास पाल्मास सोडण्यापूर्वी

चिरंजीव दर्यावर्दीस अनेक आशीर्वाद.

कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून अटलांटिक ओलांडून बार्बाडोस, तेही गॅफ स्कूनरवर, म्हणजे शिडाच्या जहाजावर, खलाशी म्हणून! जागा चांगली मिळाली. पण तुझ्या पत्रातले सगळे प्रश्न वादळांचे आहेत आणि दोरांबद्दल एकही नाही, म्हणून उत्तर जरा लांबतंय.

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. तुम्ही तो सरता सरता निघताय. आधी नैर्ऋत्येला, केप व्हर्डेच्या रोखाने उतरायचं आणि विसाव्या अक्षांशाच्या आसपास ईशान्येचे व्यापारी वारे मिळाले की पश्चिमेला वळायचं. एकूण सुमारे २७०० सागरी मैल. ६ नॉटचा, म्हणजे तासाला ६ सागरी मैल, वेग धरला तर दिवसाला १४४ मैल, म्हणजे १९ दिवस. वारा पडला तर २५ सुद्धा. या वाटेवर जहाजाचं खरं नुकसान वादळ करत नाही, घासणं करतं.

नौदलाच्या म्हादेई-तारिणीच्या फोटोंवरून एका डोलकाठीची नौका डोळ्यांसमोर असेल, तर ती बाजूला ठेव. तुमच्या जहाजाला दोन डोलकाठ्या, मागची जास्त उंच. शिडाच्या वरच्या कडेला गॅफ ही आडवी काठी असते आणि ती दोन दोरांवर चढते: डोलकाठीजवळचा थ्रोट आणि बाहेरच्या टोकाचा पीक. वारा पाठीमागून, त्यामुळे जहाज सतत दोन्ही अंगांना डोलणार. मिनिटाला दहा झोके धरले तर दिवसाला १४,४००. प्रत्येक झोक्याला दोर त्याच कप्पीत, त्याच जागी घासतो. म्हणून दोन्ही दोर रोज चार बोटं सरकवायचे, म्हणजे झीज एकाच ठिकाणी होत नाही. गॅफचा जबडा डोलकाठीला जिथे टेकतो तिथलं चामडं बघायचं, चरबी लावायची. मोठं शीड डोलकाठीच्या ताणदोरांना लागतं तिथे जुन्या दोरांचे झुपके बांधलेले असतात. ते खाली घसरलेत का पाहायचं. शिवण उसवायला लागली की त्याच दिवशी मेणाचा दोरा आणि सुई घेऊन बसायचं. उद्यावर टाकलेली वीतभर शिवण रात्रीत हातभर होते. आणि डेकवर एखादी पिन किंवा नट सापडला तर खिशात टाकून विसरू नकोस. तो वरून कुठून तरी पडलाय, आणि तिथलं काहीतरी आता सुटं आहे. लगेच सांग.

सुकाणूवर असताना लक्ष उडालं आणि वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरला, की बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची जाड काठी, अख्खा डेक झाडत पलीकडे जातो. स्कूनरचा मुख्य बूम जहाजाच्या मागच्या टोकाबाहेर जाण्याइतका लांब. डोक्याला लागला तर माणूस वाचणं कठीण. त्याला आवरायला प्रिव्हेंटर हा दोर असतो: बूमच्या टोकाला बांधून, सगळ्याच्या बाहेरून पुढे नाळेजवळच्या कप्पीत आणि तिथून मागे डेकवर. बूमच्या मधोमध बांधलेला प्रिव्हेंटर नसलेलाच बरा; टोक लाटेत बुडालं की बूम तिथेच मोडतो.

रात्री स्क्वॉल, म्हणजे अचानक सुटणारे जोरदार वारे, येतात. १५-२० नॉटचा वारा काही मिनिटांत ३५ वर जातो. त्यामुळे रीफ, म्हणजे शीड आखडून लहान करणं, उजेड असतानाच, आणि आधी मोठ्या शिडाला. ते सगळ्यात मोठं आणि सगळ्यात मागे. त्याचा जोर वाढला की जहाजाचं तोंड वाऱ्याकडे ओढलं जातं, सुकाणू जड होतं. वेळच उरली नाही तर कप्तान पीक सोडायला सांगेल. सांगितलं की लगेच सोड, पण दोर खुंटीवरून एकदम मोकळा करू नकोस, एक वेढा ठेवून सोड. नाहीतर तळहाताची सालटी निघतील.

अंधारात आणि एकटी डेकवर असशील तेव्हा हार्नेस, म्हणजे जहाजाला बांधून ठेवणारा अंगातला पट्टा, अडकवलेला हवाच. ६ नॉटला जहाज मिनिटात १८५ मीटर पुढे जातं आणि दोन-तीन मीटरच्या लाटांत माणसाचं डोकं दिसेनासं व्हायला तेवढं पुरतं. कोणी पडलंच, तर एकाने फक्त त्याच्याकडे हात रोखून पाहत राहायचं. दुसरं कुठलंही काम त्याला सांगायचं नाही.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी आदल्या रात्रीपासून. ती किती गुंगी आणते हे आधी जमिनीवरच पाहून घे. पहिले तीन दिवस जड जातात, मग सुटतं.

पाण्याचा हिशेब: आठ माणसं, माणशी रोज ४ लिटर, २५ दिवस म्हणजे ८०० लिटर, त्यावर निम्मं राखीव. तेही किमान दोन वेगळ्या टाक्यांत, कारण एक नासली तर दुसरी उरते. अंघोळ खाऱ्या पाण्याने. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडायची, त्यांतून झुरळांची अंडी येतात. केळ्यांचा घड एकाच वेळी पिकतो, तेव्हा चार दिवस शिकरणाची तयारी ठेव.

लाकडी जहाज थोडं पाणी घेतंच. प्रत्येक पहाऱ्यात पंपाचे किती हात मारले ते लॉगमध्ये, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीत, लिही. ४० चे ९० झाले तर कप्तान झोपलेला असला तरी उठव.

कागदपत्रांचं: भारतीय पासपोर्टवर स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागेल. निघताना बंदरातच बाहेर पडल्याची नोंद करून घे, क्रू लिस्टमध्ये नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना बघ. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेव, बरेच कप्तान ते आधीच मागतात. वाटेत केप व्हर्डेतल्या मिंडेलो बंदरात थांबणार असाल तर तिथलेही नियम पाहा.

हार्नेस मात्र स्वतःचा आण, दोन टेदरवाला, म्हणजे जहाजाला अडकवायच्या दोन पट्ट्यांचा. चढल्यावर पट्टे अंगाबरोबर कसून घे आणि अंधारात, डोळे मिटून, हूक लावायची-काढायची सवय कर. लाल दिव्याचा हेडटॉर्च आणि दोरीने बांधलेला चाकू हवाच. बाकी बॅग जितकी लहान तितकी बरी.

तुझा काका