मुलांसाठी दिल्लीत भांडायचंय, पण अप्पा विचारतात नोकरी कुठंय?

पत्र : मॅडम, मी गेवराई तालुक्यातली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. आई अंगणवाडी सेविका. दिवाळी झाली की तिच्या रजिस्टरमधली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा वजनं घटलेली, आणि मधल्या पाच महिन्यांत त्यांचं काय झालं याची नोंद कुठेच नसते. देशात मुलांसाठी एकच जबाबदार खातं हवं, ही मागणी मांडण्याचं काम मला करायचंय. अप्पा म्हणतात, हे आंदोलन झालं, नोकरी नव्हे. मी काय शिकू?

उत्तर : अप्पांचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतेच. पण आधी तुझी मागणी जरा तपासू, कारण ती अर्धीच बरोबर आहे.

खातं आहेच. महिला व बालविकास हे केंद्रात 30 जानेवारी 2006 पासून स्वतंत्र मंत्रालय आहे. आता साखर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, राहणारी चार वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आण. तिचा आहार या मंत्रालयाकडे, लस आरोग्याकडे. सहा वर्षांची झाली की ती शिक्षण खात्याची. फडात मोळ्या बांधू लागली की कामगार खात्याची. शिक्षण हक्क 6 ते 14 वयापुरता, कामगार कायद्यात 14 नंतर ती ‘किशोरवयीन’, आणि बाल न्याय कायद्यात 18 पर्यंत ‘बालक’. मुलगी तीच, पण तिच्याबद्दल जाब विचारायचा तर नेमका कुणाला?

हे सरकारला कळलेलं नाही असं नाही. 2013 च्या राष्ट्रीय बाल धोरणात समन्वयासाठी राष्ट्रीय गट सांगितला आहे, पण त्याच्या प्रमुखपदी महिला व बालविकास मंत्री. एक मंत्री दुसऱ्या मंत्र्याच्या खात्याला हुकूम कसा सोडणार? घरात सगळ्याच जावा थोरल्या असल्या की चुलीवरचं दूध उतू जातं, त्यातली गत. म्हणून माझ्या मते मागणी नव्या खात्याची नको. सगळ्या खात्यांच्या वर, पंतप्रधानांच्या पातळीवर, जबाबदार माणूस हवा. त्याच्या हाती पैसा हवा आणि सगळ्यांना मिळून एकच नोंद हवी. वरून जोर लागला की काय होतं ते तुझ्या मराठवाड्यानेच दाखवलंय. कुपोषणाविरुद्ध 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं ते औरंगाबादहून, आणि पुढच्या काही वर्षांत राज्यात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण चांगलंच घटलं. तरी राज्याचं मिशन राज्याच्या हद्दीपर्यंतच. ऊसतोड कामगारांची टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली की ते काय करणार?

आता शिक्षण. अर्थशास्त्र सोडू नकोस. या क्षेत्रात समाजकार्य शिकून येणारे भरपूर आहेत, अंदाजपत्रक वाचता येणारे फार थोडे. केंद्राच्या अंदाजपत्रकात 2008-09 पासून मुलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र असतं, इंटरनेटवर फुकट मिळतं. मागच्या पाच वर्षांची उतरवून घे. कुठल्या मंत्रालयाला आधी किती तरतूद झाली, सुधारित अंदाजात किती उरली, एवढाच तक्ता कर. दिल्लीतली ‘हक’ ही संस्था अनेक वर्षं हेच काम करते आहे, त्यांचे अहवाल शेजारी ठेव. हा तक्ता तुला कंटाळवाणा वाटला तर तसं स्वतःला आत्ताच सांग, कारण या कामाचा मोठा भाग असाच आहे. भाषणं थोडी, फायली फार.

पदवीनंतर अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले संस्था बघ. गावपातळीवरचं काम शिकायचं असेल तर ‘टिस’चं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचं, कॅम्पस तुळजापूरला आहे, तुझ्या घरापासून फार लांब नाही. ‘टिस’च्या प्रवेशासाठीच्या सीयूईटी-पीजी या परीक्षेची तयारी मात्र तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता सुरू कर.

आणि अप्पांना खरं सांग. संस्थांमधल्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या बऱ्याचशा नोकऱ्या कंत्राटी असतात. पहिली काही वर्षं पगार बेताचा आणि मुदत संपायची धाकधूक. पक्की नोकरीच हवी असेल तर एमपीएससीतून महिला व बालविकास विभागाची पदं निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. तिथून दिल्लीची धोरणं बदलता येणार नाहीत, पण ती तालुक्यात आल्यावर कुठे अडतात हे जितकं दिसेल तितकं दुसऱ्या कुठूनच दिसत नाही. दोन्हींची तयारी दोन वर्षं एकत्र चालू शकते. त्यापुढे एक निवडावंच लागतं.

या हंगामात एक काम कर. टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर आई जी वजनं घेते, त्यांची दोन रकान्यांत बेरीज मांड. तिसऱ्या रकान्यात, मधल्या महिन्यांत किती मुलांना कारखान्याजवळच्या अंगणवाडीतून आहार मिळाला, ते आयांना विचारून लिही. आधी आईची आणि तिच्या पर्यवेक्षिकेची परवानगी घे. तक्ता मला पाठव, मी वाचीन. रजिस्टरच्या पानांचे फोटो मात्र पाठवू नकोस, त्यात मुलांची नावं आहेत.