घडीवर फाटणारा कागद : वाचकांचे प्रश्न

बीड : कुणबी नोंद शोधताना पणजोबांचा मुंतखब (निजामकाळातला इनामाचा दस्तऐवज) सापडला. घड्यांवर फाटलाय. लॅमिनेशन करून घेऊ का?

कृपा करून नको. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही आणि कागदातलं आम्ल आतच कोंडून राहतं. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. सध्या दोन आम्लमुक्त कागदांमध्ये सपाट ठेवा.

लातूर, वाचनालयातून : नॅनोसेल्युलोज म्हणजे काय? फाटका कागद सांधायच्या पातळ जपानी टिश्यू कागदापेक्षा ते बरं का? आमचे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे त्यानं वाचतील?

कागद ज्या सेल्युलोजचा, त्याचेच तंतू फोडून काही नॅनोमीटर जाडीचे करतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाण्यात ते पातळ खळीसारखे दिसतात. वाळताना एकमेकांना आणि जुन्या तंतूंना हायड्रोजन बंधांनी धरतात. कागद मुळात कागद होतो तो याच बंधांमुळे, म्हणून मला हा उपाय जुन्या पानाच्या सोयरिकीतला वाटतो. वाळलेला पडदा जवळजवळ पारदर्शक असतो. पाठपोट लिहिलेल्या पानाला हे वरदानच. पण टिश्यूच्या लांब तंतूंचं बळ त्यात नाही. फाटलेली कड, गेलेला कोपरा यांना मी आजही टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळच सुचवेन.

तुमचे गठ्ठे नुसत्या नॅनोसेल्युलोजनं वाचणार नाहीत. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला कागद पिवळा पाडणारा घटक असतो, शिवाय कागद बनवताना घातलेल्या तुरटीमुळे आम्ल तयार होतं. ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या संयुगांनी आधी ते शमवावं लागतं. काही संशोधक दोन्ही एकत्र मिसळूनच वापरून पाहतात. आधी पानं स्कॅन करून घ्या, हे मात्र उद्याच करा.

पैठण : आमची पोथी हातकागदावर आहे. तिला नॅनोसेल्युलोज लावता येईल?

बहुधा गरजच नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होई तसा चिंध्यांचा हातकागद गिरणीच्या स्वस्त कागदापेक्षा कितीतरी टिकाऊ. पोथीला खरी भीती कसर, वाळवी आणि पावसाळ्यातल्या ओलीची. सुती बासनात बांधा, भिंतीला टेकवू नका.

आणि शाई! नॅनोसेल्युलोज बहुतेकदा पाण्यातूनच लावतात. काजळाची शाई पाण्यात विरघळत नाही, पण तिला धरून ठेवणाऱ्या डिंकाची पकड सुटली की पसरते. लोहयुक्त शाईचं लोह ओलाव्याबरोबर शेजारच्या कोऱ्या कागदात सरकतं आणि तोही जाळतं. त्यामुळे एका अक्षराच्या कडेला सूक्ष्म थेंब लावून पाहिल्याशिवाय पानाला हात लावू नये, आणि तो थेंबही जाणत्या संवर्धकानंच लावावा.