नवस बोललेला नास्तिक

"मॅडम, मी नास्तिक आहे. तरी नवस बोललो. आता मी कोण?" समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट बसायच्या आतच त्याने विचारलं.

वय ३४, इंजिनीअर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कॉलेजपासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा निषेधाला रस्त्यावर उतरलेला. मग वडील न्यूमोनियाने आयसीयूत गेले, व्हेंटिलेटरवर. रात्री दोनला बाहेरच्या बाकावर बसून तो पुटपुटला, "आई भवानी, बाबांना घरी येऊ दे. त्यांना घेऊन तुळजापूरला येईन." वडील बरे झाले. सहा महिन्यांनी मुलगी झोपाळ्यावरून पडली, हात मोडला आणि त्याच संध्याकाळी मनात आलं, नवस फेडला नाही.

झोप उडाली. घरातून निघताना तो बायकोची नजर चुकवून देव्हाऱ्याच्या चौकटीला बोट लावू लागला. चळवळीतल्या मित्रांचे फोन घेईना.

असे लोक माझ्याकडे बरेच येतात. देव कोपेल ही एक भीती आणि आपण ढोंगी ठरू ही दुसरी. याला दुसरीच जास्त जाळत होती.

देव आहे की नाही, यावर मी त्याच्याशी बोललेच नाही. त्याबद्दलचं त्याचं मत पक्कं होतं, ते त्याच्यापाशी. विचार तपासून भावना सावरायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः नास्तिक होते. कडवी धार्मिकता मनाला घातक, असं ते आधी म्हणत. पुढे त्यांनी मत बदललं. श्रद्धेपेक्षा ताठर हट्ट माणसाला छळतो, यावर त्यांनी भर दिला. मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो, 'च'. मी त्याला वहीत लिहायला लावलं, "नास्तिकाचे हात कधीच जोडले जाता कामा नयेत."

"हा नियम कुणी केला?"

बऱ्याच वेळाने म्हणाला, "मीच."

"त्या रात्री तुमच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाप आत होता. हात जोडले गेले. त्यात फसवलंत कुणाला?"

तो रडला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच, असं म्हणाला.

पुढच्या वेळी त्यानेच मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या कबुतरांचा विषय काढला. १९४८ चा प्रयोग. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने आपोआप दाणे मिळत, ती काहीही करोत. तरी एक गोल फिरू लागलं, दुसरं मान झुलवू लागलं, जणू त्यामुळेच दाणे येतात. "शिबिरात मीच हे सांगायचो, मॅडम. आणि मीच चौकटीला बोट लावतोय."

"कबुतराला फाइल वाचता येत नाही. तुम्हाला येते."

हॉस्पिटलची फाइल त्याने कपाटातून काढून आणली. कल्चरचा, म्हणजे कोणते जंतू आणि त्यांवर कोणतं औषध चालेल याचा, रिपोर्ट आदल्या संध्याकाळी आला होता. अँटिबायोटिक बदलल्याची नोंद रात्री आठची, नवस दोनचा. त्या ओळीवर त्याने बराच वेळ बोट ठेवलं होतं. मग नवसानंतरची आणि त्याआधीच्या तेवढ्याच काळातली आजारपणं, अपघात, नुकसानं अशी यादी केली. आधीची यादी लांब निघाली.

पण पटलं म्हणून भीती लगेच जात नाही. ती अंगात असते. म्हणून चौकटीला बोट न लावता निघायचं, भीती शंभरपैकी किती ते लिहायचं आणि ती उतरेपर्यंत काहीच 'उपाय' करायचा नाही, असं ठरलं. पहिल्या दिवशी ८०. ऑफिसात पोचेपर्यंत ४५. (अशा क्रिया दिवसाचे तास खाऊ लागल्या, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. त्यावर औषधं आहेत.)

"आणि नवसाचं काय?"

"ज्यांच्यासाठी बोललात, त्यांना सांगितलंत?"

सांगितलं नव्हतं. वडील आयुष्यभर मंगळवार करणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, भवानी काय सावकार आहे, नातीचा हात मोडून वसुली करायला?"

वडिलांना तुळजापूरला जायचं होतंच. हा गाडी घेऊन गेला. देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांचा दंड धरला, रांगेत शेजारी उभा राहिला. हात जोडले नाहीत. वडिलांनी जोडले, तेव्हा त्यांची पिशवी याच्याकडे होती.

त्या दिवशीचा आकडा वहीत २५ आहे. चौकट तीन आठवडे सुटली आहे. मधे मुलीला ताप आला, तेव्हा एकदा बोट गेलं. तेही त्याने तारखेसकट लिहून आणलं.