शिवणीतली माया

(पत्र थोडं कापून छापते आहे.)

"ताई, मी २७ वर्षांचा. पुण्यात आयटी कंपनीत आहे, दोन वर्षं रात्रपाळी. मार्चमध्ये बाबा अचानक गेले. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण झाला. काकांनी हात जोडून काय काय कबूल केलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते. शेवटी मी मोठ्यानं म्हणालो, 'बाबा, आईला मी बघेन.' लगेच शिवला. घरी आल्यावर मला रडू आवरेना, तर तेच काका म्हणाले, 'रडू नकोस रे, सगळी माया आहे.' ते डोक्यात बसलं. मग पाळीत व्हिडिओ बघायला लागलो, जग म्हणजे कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चाललेला खेळ वगैरे. आता पहाटे घरी येताना रस्ता सिनेमाच्या सेटसारखा दिसतो. माझाच आवाज दुसऱ्याचा वाटतो. आई बोलते ते काचेपलीकडून येतं. हे सगळं स्वप्नच असेल तर नोकरी, हप्ते, आईची औषधं कशासाठी? आणि स्वप्न असेल तर जाग कशी यायची?
– अधांतरी"

अधांतरी,

तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, म्हणून आधी तेच. जाग यायची म्हणजे मरायचं, असं तुझ्या मनात येतं का? सरळ विचारते, कारण तू आडून लिहिलं आहेस. येत असेल, अगदी पुसट येत असेल, तरी वाचणं इथेच थांबव आणि १४४१६ लाव. टेली-मानस. सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या कुणाला तरी आजच सांग. जग खरं की खोटं हा वाद हजार वर्षांहून जुना आहे, तुझ्यासाठी आणखी आठवडाभर थांबेल.

आता बाकीचं.

तुझ्या पत्रात दोन गोष्टींचा गुंता झालाय. ती काच, तो सेट, तो परका आवाज हा काही वेदान्त नाही. जग खोटं वाटण्याला डॉक्टर डीरिअलायझेशन म्हणतात, आपणच आपल्याला परके वाटण्याला डीपर्सनलायझेशन. सततची काळजी, मोठा धक्का, झोपेची वाट लागणं, कधी गांजा, यातल्या कशानंही होतं. (ओढत असशील तर डॉक्टरला सांग, मला नको.) थोड्या वेळापुरतं पुष्कळांना कधी ना कधी होऊन जातं. तू 'सेटसारखा दिसतो' असं लिहिलंस, 'सेट आहे' असं नाही. तो 'सारखा' फार मोलाचा आहे. तो गळून पडला, किंवा कानात कुणी बोलायला लागलं, तर एक दिवससुद्धा काढू नकोस. पण तो शाबूत असला तरी मार्चपासून आजवर म्हणजे खूप झालं. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घे. रात्रपाळी बदलून माग, डॉक्टरच्या चिठ्ठीवर माग. हे सगळं जग माया आहे की नाही ते बघू, पण दोन वर्षं दिवसा झोपून शरीर ठीक राहतं हा भ्रम आहे, त्याबद्दल मला शंका नाही.

मला वाटतं, काच आधी आली आणि तत्त्वज्ञान मागून आलं. तू सुन्न झालास, सुन्नपणाला कारण हवं होतं, आणि पहाटे तीन वाजता फोननं ते पुरवलं.

तेही अर्धंच पुरवलं. कॉम्प्युटरातल्या जगाचा जो युक्तिवाद तू ऐकलास, तो निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञानं २००३ मध्ये नीट मांडला. त्यात तीन शक्यता आहेत: अशी जगं चालवण्याइतकी प्रगती होण्याआधीच बहुतेक संस्कृती संपतात, किंवा तिथवर पोचलेल्यांना असले खेळ चालवण्यात रस नसतो, किंवा मग आपण बहुधा तशाच एका खेळात आहोत. तिघांपैकी एक तरी खरी असणार, एवढंच तो म्हणतो. व्हिडिओवाले तिसरी उचलतात, कारण पहिल्या दोघींवर कोण क्लिक करणार? आणि तिसरी खरी निघाली तरी वेडं व्हायचं किंवा उद्याचे बेत सोडायचं काही कारण नाही, हेही त्यानं त्याच लेखात लिहून ठेवलंय.

आपल्याकडचे लोक याहून धीट होते. शंकराचार्यांचे परमगुरू, म्हणजे गुरूंचे गुरू, गौडपाद. त्यांच्यापुढे साधी शंका होती: जागेपणीचं अन्न पोट भरतं, स्वप्नातलं भरत नाही, मग दोन्ही सारखी कशी? त्यांनी ती उलटी करून परत दिली. शंकराचार्यांनी भाष्यात ते उलगडलं: पोटभर जेवून झोपलेला माणूस स्वप्नात उपाशी असू शकतो, तिथे जागेपणीचं जेवण काय कामाचं? मला यातून निघणारी पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. स्वप्नातल्या भुकेला स्वप्नातलाच भात लागतो. तुझ्या आईचं ब्लडप्रेशर स्वप्नातलं असेल, तर गोळीही स्वप्नातलीच आहे. दोन्ही एकाच दुकानातली. तू मात्र आजार खरा धरतोस आणि गोळी खोटी. असा निम्मा वेदान्त चालत नाही.

आणि आपल्या ज्ञानेश्वरांना तर जग हे अज्ञानाचं पांघरूण आहे ही भाषाच पुरेशी वाटली नाही. 'अमृतानुभवा'त एक आख्खं प्रकरण अज्ञानाच्या खंडनासाठी आहे. जग म्हणजे चैतन्याचाच विलास, असं ते म्हणतात. म्हणजे 'सगळी माया आहे, रडू नकोस' याला वारकऱ्यांचाही फारसा आधार नाही.

पण 'माया' हा शब्द गंमतीचा आहे. आईची माया असते. लाच खाऊन जमवलेली माया असते. आणि शिवणकाम येणाऱ्या बाईला विचार, कपड्याच्या आत शिलाईपलीकडे राखून ठेवलेल्या कापडालाही माया म्हणतात. माझी आई शिवायची. माझ्या शाळेच्या झग्याला दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं माया असायची. पुढच्या जूनमध्ये शिवण उसवायची, माया मोकळी करायची, झगा पुन्हा अंगाला बसायचा. बाहेरून बघणाऱ्याला ते कापड दिसतच नसे.

शेवटची तीन वर्षं आईची स्मृती गेली होती. दुपारी चार वाजले की ती दारात जाऊन बाबांची वाट बघायची. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी सुरुवातीला खरं सांगायची, "आई, बाबा नाहीत गं आता." तिला ते दर वेळी नव्यानं कळायचं, आणि दर वेळी ती नव्यानं रडायची. चार-पाचदा असं झाल्यावर मी गप्प बसायला शिकले. "येतील, तोवर चहा घे," म्हणायची. माझ्याकडचं सत्य शंभर टक्के खरं होतं आणि दुपारी चार वाजता त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तिचं जग भ्रमाचं होतं. तिची घालमेल भ्रमाची नव्हती. चहा गरम होता. तिच्या हातात नुसता टॉवेल दिला तरी ती कडेला बोटानं माप घेऊन माया सोडायची.

म्हणून तुझ्या मूळ प्रश्नाला, स्वप्न असलं तर फरक पडतो का, माझं उत्तर असं: पडतो. पण तू म्हणतोस तिथे नाही. तुकोबांकडे बघ. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ. बायको 'अन्न अन्न' करत मेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. ती स्वप्नात मेली असं नाही लिहिलं. लाज वाटली, दुःखानं जीव त्रासला असं लिहिलं. आणि परंपरा सांगते की पुढे त्यांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. तीही फक्त आपल्या वाटणीची. धाकट्या भावाची निम्मी त्याच्या हातात दिली, कारण दुसऱ्याच्या पैशावर वैराग्य करायचं नसतं.

बुडवलं ते येणं, देणं नव्हे. आता तुझी यादी बघ: हप्ते, औषधं, आई. सगळं देणं. जग स्वप्न आहे असं खरंच पटलं असेल तर येण्यापासून सुरुवात कर ना. बढतीत कुणी पुढे गेल्याचा राग, काकांनी त्या दिवशी वेगळं बोलायला हवं होतं ही अढी, बाबांनी असं न सांगता जायला नको होतं ही तक्रार. त्यातलं जेवढं बुडेल तेवढं बुडव. आजच नाही बुडलं तरी चालेल.

काकांचं मात्र मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पाऊण तास एका कावळ्याला हात जोडून उभा राहिलेला माणूस घरी येऊन सांगतो की सगळी माया आहे! पण तुझे बाबा गेले त्या दिवशी त्यांचा भाऊ गेला. ते वाक्य ते बहुतेक स्वतःलाच ऐकवत होते, तू मध्ये सापडलास. हे वाक्य माणसानं स्वतःपुरतं म्हणावं. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबवायला वापरलं की ते खोटं होतं, मग ते शंकराचार्यांचं का असेना. तू अजून पोटभर रडलेला दिसत नाहीस. रड.

व्हिडिओ काही दिवस बंद. कायमचे नाही, झोप जागेवर येईपर्यंत. काच जाड झाली की ती तपासत बसू नकोस, 'आता खरं वाटतंय का' असं स्वतःला विचारत राहिलं की ती आणखी जाड होते. भांडी घास, गार पाण्याखाली हात धर, जिना उतरून कोपऱ्यावरून दूध आण.

आणि एक. घाटावर बायका सहसा जात नाहीत, तुझी आईही घरीच असेल. कावळा शिवला एवढं तिला कळलं असणार. तो कोणत्या शब्दांवर शिवला, ते तिला कुणी सांगितलंय का? डॉक्टरकडे जाताना तिला बरोबर ने, आणि रिक्षात सांग.

– ताई