वाचक विचारतात : व्हिडिओमागचं म्युझिक कुणाचं?

गणपती होऊन गेले की आपल्या इंदुरातून दरवर्षी हीच पत्रं सुरू होतात, मंडळाचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी यूट्यूबचा कॉपीराइटचा मेल आला. या वेळी लग्नवाले, दुकानवाले, शॉर्ट फिल्मवाले सगळेच एकदम लिहून राहिलेत म्हणून अख्खा कॉलम याच विषयाला दिलाय. माइक आणि लाइटचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

नमस्कार दादा, आमच्या मंडळाच्या व्हिडिओला एका साइटवरून पैसे भरून म्युझिक घेतलं, तिथे स्पष्ट रॉयल्टी फ्री लिहिलेलं होतं, तरी यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम आला. आता चॅनल बंद होणार का? — एक कार्यकर्ता, लोकमान्य नगर

नाही होणार, आधी पाणी प्या. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळा, हे लोक नेहमी एकत्र करतात. क्लेम मशीन लावतं, कंटेंट आयडी नावाची सिस्टिम आहे, 2007 पासून चालू आहे, ती तुमच्या व्हिडिओचा आवाज आपल्याकडच्या फाइलींशी ताडून बघते आणि जुळला की जाहिरातीचे पैसे गाण्याच्या हक्कदाराकडे वळवते, कधी एखाद्या देशात व्हिडिओ दिसणं बंद होतं, पण चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक म्हणजे कुणीतरी रीतसर कायदेशीर तक्रार केली, तो 90 दिवस राहतो आणि त्या काळात तीन झाले तर मात्र चॅनल जाऊ शकतं.

तुमच्या बाबतीत बहुतेक असं झालंय की ज्या संगीतकाराने ती ट्रॅक साइटवर विकायला ठेवली त्यानेच ती कंटेंट आयडीतपण नोंदवून ठेवली, म्हणजे कुणी चोरून लावली तर त्याला कळावं. आता मशीनला काय माहीत तुम्ही पैसे भरलेत. डिस्प्यूट करा, म्हणजे क्लेम मान्य नाही असं कळवा, कारणात लायसन्स आहे हा पर्याय निवडा, लायसन्सचा नंबर आणि मजकूर तिथे टाका. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. जिथून घेतलं त्या साइटलापण लिहा, बऱ्याच साइटींवर क्लेम काढून द्यायचा फॉर्मच असतो आणि तो रस्ता जास्त फास्ट पडतो.

आता खरं सांगायचं ते हे की रॉयल्टी फ्रीमध्ये गाणं तुमचं होत नाही, एकदा पैसे भरले की दर वेळी वाजल्यावर वेगळे द्यायचे नाहीत, बस इतकंच. कुठे वापरायचं, किती व्हिडिओत वापरायचं, टीव्हीवर चालेल का, क्लायंटच्या चॅनलवर चालेल का हे सगळं लायसन्सच्या कागदात असतं आणि तो कागद कुणी डाउनलोडच करत नाही. प्लॉट घेतला आणि रजिस्ट्री दुकानातच विसरून आले, अशातली गत. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ऑडिओ फाइलशेजारी लायसन्सची पीडीएफ, बिल आणि त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण साइटी अटी बदलतात आणि तुम्हाला तुमच्या तारखेच्या अटी दाखवता आल्या पाहिजेत. एपिडेमिक साउंडसारख्या महिन्याच्या किंवा वर्षाच्या सबस्क्रिप्शनमध्ये तर हे फारच लागतं, सबस्क्रिप्शन चालू असताना जो व्हिडिओ पब्लिश केला तो पुढेही सेफ असतो, पण फाइली डाउनलोड करून ठेवल्या, प्लॅन बंद केला आणि सहा महिन्यांनी नव्या व्हिडिओला लावल्या, हे नाही चालत.

आणि एक, त्या व्हिडिओंत मधूनच जो आवाज 'ऑडिओजंगल' असं म्हणतो ना, तो काही म्युझिकचा भाग नाही भिया, ती त्या नावाच्या म्युझिक विकणाऱ्या साइटची विकत न घेतलेली सॅम्पल फाइल आहे. लोक हॉलमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावतात आणि कुणाला काही वाटत नाही!

पैसे न भरता कायदेशीर म्युझिक मिळतं का हो कुठे? आमचं बजेट शून्य आहे. — बीकॉमची विद्यार्थिनी, सुदामा नगर

मिळतं ना. यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी आहे, स्टुडिओमध्ये डावीकडे दिसते, तिथल्या काही ट्रॅकला नाव द्यावं लागत नाही आणि काहींना द्यावं लागतं, ते बघून घ्या. केविन मॅक्लाउडची इनकॉम्पिटेक साइट आहे, त्याचं म्युझिक तुम्ही न कळत शेकडो व्हिडिओंत ऐकलेलं असेल, तिथे डिस्क्रिप्शनमध्ये त्याचं नाव आणि लायसन्स लिहिलं की काम झालं.

असं बरंचसं फुकट म्युझिक क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे सीसी नावाच्या खुल्या लायसन्सवर चालतं, त्याची पहिली लायसन्सं 2002 साली आली. लायसन्सच्या नावातली अक्षरं ओळखायला शिका. सीसी झीरो असेल तर काहीही करा. बाय (BY) असेल तर नाव द्या. एनसी असेल तर धंद्याला वापरू नका, आणि व्हिडिओवर जाहिराती चालू केल्या तर तुम्ही त्याच्या बाहेर गेलातच समजा. एनडी असेल तर व्हिडिओला लावूच नका, इथे भलेभले फसतात, त्यांना वाटतं मी गाणं कुठे कापलं, जसंच्या तसं तर लावलं, पण चित्राच्या सोबत गाणं जुळवून लावणं हाच बदल धरतात. एसए असेल तर तुमचा व्हिडिओपण त्याच लायसन्सखाली खुला करावा लागतो, क्लायंटच्या कामाला ते विसराच.

शीतलामाता बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या इन्स्टावर ट्रेंडिंग गाणी सापडत नाहीत पण माझ्या पर्सनल अकाउंटवर सापडतात. पर्सनलवर बनवून दुकानाच्या अकाउंटवर टाकलं तर चालेल? — एक सूनबाई

नाही चालणार. म्युझिक कंपन्यांशी जो करार झालेला असतो तो लोकांच्या पर्सनल वापरासाठी, साडी विकायला नाही, म्हणून तर बिझनेस अकाउंटला ती गाणी दाखवत नाहीत. रील डाउनलोड करून दुसरीकडून टाकलं तरी ती जाहिरातच राहते, अकाउंट कोणतंही असो. आज आवाज म्यूट होईल आणि उद्या एखाद्या कंपनीची नोटीस दुकानाच्या पत्त्यावर येईल, नोटीस सासऱ्यांच्या हातात पडेल ती वेगळी. इन्स्टावाल्या मेटा कंपनीची साउंड कलेक्शन नावाची लायब्ररी आहे, ती धंद्यालापण चालते, फक्त बाहेरच्या प्लॅटफॉर्मवर नेऊ नका. तसं माझं मत विचाराल तर गाणं लावूच नका, साडीची घडी झटकल्याचा आवाज, काउंटरवरच्या काकूंची घासाघीस, हे रेकॉर्ड करा, ट्रेंडिंग गाण्यापेक्षा लोक जास्त थांबून बघतील.

दहा सेकंदांपर्यंत कुठलंही गाणं वापरलं तर चालतं ना? — वाचक, टिळक नगर

असा नियम आपल्या 1957 च्या कायद्यात कुठेही नाही. कलम 52 मध्ये खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींची बातमी अशा सवलती आहेत, सेकंद मोजलेले नाहीत.

दादा मी लग्नाचे व्हिडिओ करतो. कुणी म्हणतं लग्नात सगळी गाणी माफ, कुणी म्हणतं लायसन्स लागतं. नक्की काय? — एक व्हिडिओग्राफर, जेल रोड

दोघेही अर्धे बरोबर आहेत म्हणूनच गोंधळ आहे. धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेले बाकीचे समारंभ यांत गाणं वाजवणं कायद्यात माफ आहे, आणि 24 जुलै 2023 ला केंद्र सरकारने जाहीर नोटीस काढून परत सांगितलंय की याच्यासाठी कुणी रॉयल्टी मागू नये. म्हणजे संगीतच्या रात्री डीजे वाजला, वरातीत बँड वाजला, तिथे प्रश्न नाही.

पण ही माफी वाजवण्याची आहे. तुम्ही घरी येऊन एडिट करताना तेच सिनेमाचं गाणं नवरी एंट्री घेते त्याच्या खाली बसवलं तर ती वेगळी गोष्ट झाली, त्याला धंद्यात सिंक म्हणतात, त्याची परवानगी वेगळी. आणि एका गाण्यात हक्कदार एक नसतो, शब्द आणि चाल हा एक हक्क आणि ती रेकॉर्डिंग हा दुसरा, बरेचदा दोन वेगळ्या पार्ट्या असतात, चाल-शब्दांच्या बाजूने आयपीआरएस ही 1969 ची संस्था आहे आणि रेकॉर्डिंगच्या बाजूने पीपीएल, पण सिंकसाठी सरळ कंपनीशीच बोलावं लागतं. पेनड्राइव्हवर घरच्यांना दिलेल्या फिल्मच्या मागे सहसा कुणी येत नाही हे मलाही माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तरी तुम्ही त्याचे पैसे घेता, म्हणून खासगी वापर म्हणून सुटता येत नाही, आणि तीच फिल्म तुमच्या चॅनलवर नमुना म्हणून टाकली की क्लेम ठरलेला.

काही पोरं करतात तसं करा, दोन कट बनवा आणि चॅनलवर जाणाऱ्या कटमध्ये फक्त लायसन्सचं म्युझिक आणि जागेवरचा आवाज ठेवा. आपल्या मराठी लग्नात जागेवरचा आवाज काय कमी असतो का! सनई-चौघडा खरा बसलेला असेल तर त्यांना विचारून, थोडे जास्त पैसे देऊन वेगळे पाच मिनिटं रेकॉर्ड करून घ्या. मंगलाष्टकं तर बरेचदा मावशी-आत्यांनीच त्या लग्नासाठी लिहिलेली असतात, शब्द घरचे, चाल परंपरेची, आवाज घरचा. ताई थोडी बेसूर असेल तरी राहू द्या, घरच्यांना तेच हवं असतं. फक्त रेकॉर्डर स्टेजच्या जवळ ठेवा, हॉलच्या स्पीकरमधून घेतलं तर सगळं घुमतं.

आमच्या शॉर्ट फिल्मला एका मित्राने हार्मोनियमवर छान धून करून दिली, फुकट, दोस्तीखात्यात. फिल्म फेस्टिव्हलला पाठवायची आहे. याला पण लायसन्स लागतं का? — नवा दिग्दर्शक, स्नेहलतागंज

लागतं, आणि दोस्ती टिकवायची असेल तर आजच लिहून घ्या. एक पान पुरे, धून कुणाची, कोणत्या फिल्मसाठी, फेस्टिव्हल, ओटीटी, यूट्यूब यांतलं कुठे कुठे, किती वर्षं, जगभर की नाही, पैसे शून्य असतील तर शून्य लिहा, खाली दोघांच्या सह्या. कायद्याप्रमाणे हे लेखी लागतं, आणि गंमत अशी की कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि इलाका लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे बाहेरच्या फेस्टिव्हलला निवड झाली आणि तुमचा कागद भारतापुरताच निघाला. धून त्याची पण वाजवलं दुसऱ्याने असेल तर त्याचीपण सही घ्या. विकतची ट्रॅक लावत असाल तरी हेच बघा, स्वस्तातलं लायसन्स पुष्कळदा फक्त वेबचं असतं आणि थिएटरमध्ये दाखवायचं निराळं.

वडिलांकडे 1978 च्या एका घरगुती मैफलीची कॅसेट आहे, गवई आता नाहीत. माझ्या डॉक्युमेंटरीत तुकडा वापरू? — वाचक, रामबाग

गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क मैफलीच्या पुढच्या वर्षापासून 50 वर्षं असतो, म्हणजे तुमच्या कॅसेटचा 2028 संपेपर्यंत. त्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी घ्या, रेकॉर्डिंग वडिलांनी स्वतः केलं होतं की दुसऱ्याने तेही विचारा. पारंपरिक बंदिश असेल तर चालीची चिंता नाही, पण त्यांनी भावगीत गायलं असेल तर कवी आणि संगीतकार दोघांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. आणि कॅसेट आधी डिजिटल करून घ्या हो, परवानगी नंतर येईल, फीत थांबणार नाही.

साउंड इफेक्टला पण कॉपीराइट असतो का? सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारावर आणि रंगपंचमीच्या गेरवर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीवर, फिल्म करतोय, बाजाराचा आवाज डाउनलोड केला तर परदेशातला वाटतो. — दोन मित्र, नारायण बाग

आवाजाला नसतो, रेकॉर्डिंगला असतो. कढईतल्या तेलाचा चर्र कुणाच्या बापाचा नाही, पण तो ज्याने रेकॉर्ड केला त्याची फाइल त्याची. फ्रीसाउंड नावाची साइट आहे, बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा युनिव्हर्सिटीने 2005 मध्ये सुरू केली, तिथे शोधताना सीसी झीरोचा फिल्टर लावा. बीबीसीच्या संग्रहात 33 हजारांहून जास्त आवाज आहेत, शिक्षणाला आणि घरगुती कामाला फुकट, फिल्म विकायची असेल तर वेगळं लायसन्स.

पण परदेशातला वाटतो हे तुमच्याच कानाने सांगितलंय, मग बाहेर शोधता कशाला. थंडीत सराफ्यात जा, गराडूचा कंद तळतात तिथे उभे राहा, दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडतात आणि खाण्याचे ठेले लागतात ती वेळ पकडा, त्या अर्ध्या तासात इतके आवाज आहेत की पूर्ण फिल्म निघेल. मोबाइल चालेल, एअरप्लेन मोडवर टाका, डब्ल्यूएव्हीमध्ये 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करणारं ॲप घ्या, माइकवर फोमचा तुकडा लावा नाहीतर वारा सगळं खाऊन टाकतो. कढई जवळून घ्या, गर्दी लांबून घ्या, आणि प्रत्येक जागेचा एक मिनिट काही न बोलता घेऊन ठेवा, एडिटमध्ये दोन कटांच्या मधली भोकं त्याने बुजतात. ठेल्यावाल्याला आधी सांगा, एक प्लेट घ्या, तो स्वतःच झारा जोरात आपटून देईल.

गेरचं मात्र अवघड आहे. राजवाड्यासमोर तुम्ही माइक धरला की डीजेच्या गाडीवरचं सिनेमाचं गाणं आत येणारच आणि तुमच्या व्हिडिओवर क्लेम येणारच, मागे आपोआप वाजत होतं म्हणून गाण्याला सूट मिळेल असं धरून चालू नका, तशी सूट फिल्ममध्ये मागे दिसणाऱ्या चित्र-शिल्पांना आहे, गाण्यांना नाही. म्हणून चित्र तिथलं घ्या आणि आवाज तुकड्यातुकड्याने, टँकरच्या पाण्याचा फवारा गाड्या निघायच्या आधी, ताशा गल्लीत जिथे डीजे पोचत नाही तिथे, लोकांची आरडाओरड गाडी पुढे गेल्यावर. मग टेबलावर बसून जोडा. दोन माणसं आहात ना, एकाने कॅमेरा धरायचा आणि दुसऱ्याने फक्त आवाज, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याला माइकपुरतं भोक पाडा, रंग कुणाला विचारून येत नाही.